सालीसाठी लावलेली झाडे

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुले येतात. झाड म्हटले की फळ, नाहीतर सावली. झाडाची साल हा कौतुकाने उभे राहून पाहण्याचा विषय आहे असे आपल्याकडे सहसा कोणाला वाटत नाही. साल ही काढ्यासाठी, नाहीतर चुलीसाठी. दालचिनी हीसुद्धा सालच. पण तीही आपण मसाल्याच्या डब्यात पाहतो, झाडावर नाही. इंग्लंडात मात्र असे लोक आहेत की जे ऐन जानेवारीच्या थंडीत, तिकीट काढून, केवळ झाडांच्या साली पाहायला साठ-सत्तर मैल गाडी हाकीत जातात. आणि ही झाडे आपल्या घरामागच्या चार हात जागेतही लावतात. या झाडांत पहिला मान मेपलचा.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बर्मिंगहॅम शहरात परिचारिका आहे. २०२४ च्या जानेवारीत एक महिन्याची अर्जित रजा मंजूर करून घेऊन मी तिच्याकडे गेलो. त्या दिवसांत तेथे सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास रस्त्यावरचे दिवे लागतात. झाडांवर पान म्हणून नाही. सगळे शहर राखाडी. अशा दिवसांत बागेत जाऊन पाहायचे तरी काय, असे मी भाचीला विचारलेही. ती म्हणाली, "मामा, आमच्या शेजारचे आजोबा म्हणतात, झाड बघायचे तर हिवाळ्यातच. पाने असली की खोड कोण बघतो?"

हे शेजारचे आजोबा म्हणजे मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंग्रज गृहस्थ. त्यांच्या घरापुढे बैठकीच्या खोलीएवढी जागा. तीत एकच झाड, कागदी सालीचा मेपल. त्यांनीच आम्हाला वेस्टनबर्टला जाण्याचा सल्ला दिला. भाचीच्या एका सहकारी बाईंची गाडी होती. आम्ही पाच जण डबे घेऊन निघालो.

वेस्टनबर्ट हे ग्लॉस्टरशर परगण्यातले वृक्षसंग्रहालय. टेटबरी नावाच्या लहानशा गावापासून तीन मैलांवर. क्षेत्र सुमारे सहाशे एकर. १८२९ साली रॉबर्ट होल्फर्ड या धनिकाने ते लावायला सुरुवात केली. घराण्याचा पैसा आला होता लंडनला पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या भागभांडवलातून. त्या पैशातून जगभरची झाडे आणली, मोठा वाडा बांधला, आणि वाड्यापुढच्या बागेच्या आड येत होते म्हणून मूळचे गाव उचलून दुसरीकडे वसवले. झाडांची हौस म्हणून माणसांची घरे हलवायची, हे वाचून आपल्या लोकांना फार नवल वाटणार नाही. १९५६ साली ही वनराई सरकारच्या वनखात्याकडे आली, आणि तेव्हापासून ती सर्वांची झाली. आज तिकीट काढून कोणीही आत जावे. कारकुनी पेशामुळे मला आवडलेली गोष्ट ही की प्रत्येक झाडाला चिठ्ठी आहे. नाव, मूळ देश आणि नोंदणीचा क्रमांक. आपल्या आवक रजिस्टरसारखीच व्यवस्था, फक्त येथे नोंद झालेला कागद हरवत नाही.

पहिला कागदी मेपल दिसला तो वळणावर. दुपारचे ऊन तेथे तिरपे येते, सूर्य कासराभरच वर असतो. त्या उन्हात झाडाचे खोड तांब्याच्या घंगाळासारखे चमकत होते. जवळ गेलो तेव्हा लक्षात आले की साल एकसंध नाहीच. पातळ पातळ पापुद्रे सुटून त्यांच्या गुंडाळ्या झाल्या आहेत, अगदी दालचिनीसारख्या. रंगही तोच. पापुद्र्यामागून ऊन आले की तो आतून पेटल्यासारखा लाल दिसतो, आणि पापुद्रा सुटलेल्या जागी खाली नवी, गुळगुळीत साल. शास्त्रीय नाव एसर ग्रिसियम. याच्या प्रत्येक देठाला तीन पाने असतात, बेलासारखी. मेपल म्हटले की कॅनडाच्या झेंड्यावरचे पंजासारखे पान आठवते. ते याला नाही. शरद ऋतूत ही पाने लालभडक होतात असे आजोबांनी सांगितले होते, ते आमच्या नशिबात नव्हते.

साल अशी का सुटते? झाड दरवर्षी जाडीने वाढते, पण वरची जुनी साल मेलेली असते, ती ताणली जात नाही. वाढत्या पोराच्या अंगात जुना सदरा घातला तर तो उसवणारच. आंब्याच्या, बाभळीच्या सालीला त्यामुळे भेगा पडतात. या मेपलची साल कागदासारख्या पातळ थरांनी बनत असल्यामुळे ती फाटण्याऐवजी थराथराने सुटते. पेरूचे खोड आपण सर्वांनी पाहिले आहे; त्याचेही तेच. कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या रानातला नाणा, विदर्भ-खानदेशच्या टेकड्यांवरची पांढरीफटक कांडोळ, ओढ्याकाठचा अर्जुन, हे सगळे साल टाकणारेच. आपण त्यांना सालीसाठी कधी अंगणात लावले नाही इतकेच.

त्या झाडाच्या खोडावर एका विशिष्ट उंचीपर्यंत पापुद्रे कमी होते. साधारण माणसाच्या छातीपर्यंत. कारण उघड आहे. येणारा प्रत्येक जण हात लावतो आणि सुटलेला पापुद्रा नकळत ओढतो. भाचीच्या मुलानेही हात पुढे केला होता. आपोआप सुटलेला पापुद्रा पडला तर झाडाचे काही बिघडत नाही. पण अर्धवट चिकटलेला ओढला तर खालची कोवळी साल उघडी पडते, आणि ज्या शोभेसाठी झाड लावले ती शोभाच जाते. पोराने हात मागे घेतला आणि विचारले, "आजोबा, यावर लिहिता येईल का?"

या मेपलच्या सालीवर नाही, तिचे तुकडे फार लहान. पण प्रश्न चांगला होता, कारण थोड्याच अंतरावर हिमालयातला भूर्ज उभा होता. पांढरी, कागदासारखी साल. हेच आपले भूर्जपत्र. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गांधार देशातल्या भिक्खूंनी बुद्धवचने याच सालीवर, खरोष्ठी लिपीत लिहिली. मातीच्या मडक्यांत ठेवलेल्या अशा गुंडाळ्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने १९९४ साली मिळवल्या. उपलब्ध बौद्ध हस्तलिखितांत त्यांची गणना सर्वांत जुन्यांत होते. इंग्लंडात ज्या भूर्जाच्या पांढऱ्या जाती बागांत आणि दुकानांच्या वाहनतळांवरसुद्धा लावतात, त्यांच्यापैकी एकीला व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. हा तरुण हिमालय-काश्मीर पायाखाली घालून दक्षिणेत उतरला आणि १८३२ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईतच वारला. वय अवघे एकतीस.

परत मेपलकडे येतो. दुसरा प्रकार आहे तो सापासारख्या सालीचा. इंग्रज त्याला सर्पसालीचा मेपल म्हणतात; मला विचाराल तर साप कमी आणि पडवळ जास्त. हिरव्या खोडावर पांढऱ्या उभ्या रेघा, अगदी पडवळावर असतात तशा. यात चीनमधला डेव्हिडाय आहे, जपानमधले रुफिनर्व्ही आणि कॅपिलिपीस आहेत, आणि उत्तर अमेरिकेतला पेन्सिल्व्हॅनिकम आहे, ज्याची साल तेथले मूस नावाचे अवाढव्य हरिण सोलून खाते. या झाडांची गंमत अशी की त्यांची हिरवी साल बरीच वर्षे टिकते. तिच्यात हरितद्रव्य असते, म्हणजे पानांचे थोडे काम खोडच करते. आपल्या पूर्व हिमालयात, सिक्कीम-दार्जिलिंगकडेही या कुळातले मेपल आहेत, हे मला तेथे चिठ्ठ्या वाचता वाचता कळले. आपल्या देशातले झाड परदेशात जाऊन ओळखीचे व्हावे, असा तो प्रकार.

तिसरा म्हणजे जपानी मेपलची पोवळ्या रंगाची जात, सांगो-काकू. याची साल सुटत नाही की रेघा नाहीत. फक्त कोवळ्या डहाळ्या हिवाळ्यात पोवळ्यासारख्या लाल होतात. थंडी जितकी, रंग तितका. जुन्या खोडावर मात्र तो रंग राहत नाही. तो नव्या फांद्यांचाच. डबे उघडून बसलो होतो त्या बाकासमोर असे एक झाड होते, आणि आमच्या सहकारी बाईंनी ते लांबून पाहून कोणीतरी फांद्या रंगवल्या आहेत असेच ठरवले होते.

कागदी मेपल इंग्लंडचा नाही. तो मध्य चीनचा. १९०१ साली त्याचे बी इंग्लंडात आणले ते अर्नेस्ट हेन्री विल्सन या माणसाने. या विल्सनची हकिगत मला वेस्टनबर्टच्या धनिकापेक्षा अधिक जवळची वाटली, म्हणून दुसऱ्या एका शनिवारी स्ट्रॅटफर्डपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने चिपिंग कॅम्पडन हे त्याचे जन्मगाव पाहून आलो. मधाच्या रंगाच्या दगडाचे, एका लांब रस्त्याचे गाव. विल्सनचा जन्म १८७६ चा. वडील रेल्वेत कामगार. पोरगा शाळा सोडून लहानपणीच रोपवाटिकेत कामाला लागला, मग बर्मिंगहॅमच्या वनस्पती उद्यानात माळी. दिवसा कुदळ आणि संध्याकाळी तांत्रिक विद्यालयाच्या वर्गात वनस्पतिशास्त्र. त्यात बक्षीस मिळवले आणि १८९७ साली लंडनच्या क्यू उद्यानात जागा मिळाली. रात्रशाळेच्या जोरावर पुढे आलेल्या माणसाची किंमत आपल्या वस्त्यांतून वेगळी सांगायला नको.

१८९९ साली व्हीच या रोपे विकणाऱ्या कंपनीने त्याला चीनला धाडले ते रुमालाच्या झाडाचे बी आणायला. या झाडाला पांढऱ्या रुमालासारखी पाने फुलाभोवती लोंबतात. ऑगस्टीन हेन्री या आयरिश अधिकाऱ्याने पूर्वी ते पाहिले होते. त्याने अर्ध्या पानावर हाताने काढलेला नकाशा विल्सनला दिला. त्या अर्ध्या पानात वीस हजार चौरस मैलांचा मुलूख. विल्सन शोधत शोधत बरोबर त्या जागी पोहोचला, तर झाड तोडून त्याच्या लाकडाचे घर बांधलेले! शेजारी नुसता बुंधा. त्या घरमालकाची काही चूक होती असे मला वाटत नाही. त्याला घर हवे होते. विल्सनने पुढे दुसरीकडे ती झाडे शोधली, बी पाठवले आणि त्याच सफरीत हुबेई प्रांतातून कागदी मेपलचे बीही. १९१० साली डोंगरकडा कोसळून त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. वाट इतकी अरुंद की त्याला बाजूला घेता येईना, आणि समोरून खेचरांचा तांडा आला. तो आडवा पडून राहिला आणि खेचरे एकेक करून त्याच्या अंगावरून पाय टाकत गेली, एकानेही त्याला तुडवले नाही. पुढे तो जन्मभर लंगडत चालला. गावात १९८४ साली त्याच्या नावाची छोटी बाग केली आहे. त्याने आणलेल्या जातींची झाडे-झुडपे तेथे आहेत. प्रवेशाला तिकीट नाही.

विल्सनबरोबर डोंगरात हिंडणारी, बी वेचणारी, टोपल्या वाहणारी माणसे यिचांग परिसरातल्या शेतकरी घरांतली होती. त्यांच्या इमानदारीची विल्सनने स्तुती केली आहे. पण झाडांच्या नावांत पाहावे तर फ्रेंच पाद्री आहेत, इंग्रज मालक आहेत. टोपली वाहणारा एकही नाही. बागेत उभा असताना मला हे खटकले, ते येथे नोंदवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. जो मेपल आज इंग्लंडात शेजारच्या आजोबांच्या दारात आहे, तो त्याच्या मूळच्या डोंगरांत दुर्मिळ झाला आहे. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. जंगले तुटली, उरलेली झाडे विखुरली, एका झाडाचे परागकण दुसऱ्यापर्यंत पोहोचेनासे झाले. या जातीला फळे भरपूर लागतात, पंख असलेली, भिरभिऱ्यासारखी खाली येणारी. पण बहुतेक बिया आत पोकळ. वरून टरफल शाबूत, आत दाणा नाही. जी चांगली असते तीही रुजायला अनेकदा दोन हिवाळे घेते. बागांतली बहुतेक झाडे विल्सनने आणलेल्या थोड्याशा बियांची संतती असल्याने सगळी एकमेकांची भावंडे. म्हणूनच २०१५ साली अमेरिकी आणि चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून चीनच्या निरनिराळ्या प्रांतांत हिंडून उरलेल्या झाडांची नोंद केली आणि बी व नमुने गोळा केले. एका गावचे झाड तुटले तरी जात टिकावी, एवढ्यासाठी.

हे सगळे ऐकून भाचीने ठरवले की आपणही एक कागदी मेपल लावायचा. आजोबा आम्हाला रोपवाटिकेत घेऊन गेले. चार फुटी रोपाला साठ पौंड! आपले सहा हजारांच्या वर. मी मनातल्या मनात गुणाकार करून गप्प बसलो. इतके महाग का, तर वर सांगितलेले पोकळ बियांचे कारण, आणि वाढ फार सावकाश. पूर्ण वाढून तीस फूट होईल, पण त्याला पन्नास वर्षे लागतील. सर्पसालीचा मेपल स्वस्त होता आणि लवकर वाढणारा. पण त्याला ओलसर, चुनखडी नसलेली, थोडी आंबट माती हवी. कोरडा वारा आणि कडक ऊन सोसत नाही, आणि मेपलच्या मानाने आयुष्यही थोडे. भाचीच्या मागच्या अंगणात चिकण माती. कागदी मेपल चिकण मातीतही बऱ्यापैकी तग धरतो, पाणी साचत नसले म्हणजे झाले.

अडचण वेगळीच होती. घर भाड्याचे. करार वर्षावर्षाचा. पन्नास वर्षांचे झाड अकरा महिन्यांच्या खोलीत लावावे तसे हे झाले. भाचीच्या यजमानांचे म्हणणे, घर स्वतःचे झाल्यावर पाहू. भाचीचे म्हणणे, घर कधी होईल ते होवो, तोवर झाडाची दहा वर्षे तरी पुढे सरकतील. चाळीत वाढलेल्या पोरीने दाराशी डब्यात तुळस-कोरफड सांभाळली आहे. तिला कुंडी नवी नाही. आजोबांनी मान डोलावली. सावकाश वाढणारे झाड मोठ्या कुंडीत काही वर्षे सहज राहते. तेव्हा तळाला भोके असलेली मोठी कुंडी आणली, खाली विटा ठेवून ती जमिनीपासून उचलली, म्हणजे पावसाचे पाणी निघून जाते. रोप पहिल्या कुंडीत होते तितकेच खोल लावले. खोड मातीत गाडले की ते कुजते. वरून पालापाचोळ्याचा थर, पण खोडाला चिकटू न देता. दर एक-दोन वर्षांनी मोठी कुंडी आणि नवी माती, आणि उन्हाळ्यात पाणी चुकवायचे नाही, कारण कुंडीतल्या मुळांना दुसरीकडे शोधायला जागा नसते.

छाटणीबद्दल आजोबांनी दोनदा बजावले. हिवाळा संपताना आणि वसंतात मेपलला हत्यार लावू नका. त्या वेळी आत रस चढत असतो आणि कापल्या जागेतून तो कितीतरी दिवस टपटपत राहतो. याच रसापासून कॅनडात साखरपाक करतात, तो मेपल वेगळ्या जातीचा. काही कापायचे तर पाने पूर्ण उघडल्यावर, जुलै-ऑगस्टात. खोड दिसावे म्हणून खालच्या डहाळ्या काढाव्या लागतात. त्या एकदम न काढता दरवर्षी एक-दोन. खोडावर हिरवे शेवाळ चढले तर साध्या पाण्याने, मऊ ब्रशने अलगद धुवावे. साबण नको, आणि खरवडणे तर मुळीच नको.

जागा निवडण्यात मात्र सर्वांनी भाग घेतला. ऊन मागून आले पाहिजे, म्हणजे पापुद्रे पेटतात. जानेवारीत त्या अंगणात ऊन येते ते दुपारी तासभर, कुंपणाच्या एका कोपऱ्यावरून. भाचीच्या मुलाने दोन दिवस खडूने सावलीच्या खुणा केल्या. शेवटी कुंडी अशी ठेवली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले तर झाड मध्ये आणि सूर्य त्याच्यामागे. भाची रात्रपाळी करून सकाळी झोपते आणि दुपारी उठून चहा ठेवते, तेव्हा नेमका तो उन्हाचा तास असतो.

या रोपाचे खोड सध्या बोटाएवढे आहे, गुळगुळीत तपकिरी. फक्त बुंध्याशी, जुन्या लाकडावर, नखाएवढा एक पापुद्रा सुटू लागला आहे. मुलाला तो ओढण्याची सक्त मनाई आहे. जमिनीत झाड लावण्यासाठी घरमालकाकडे रीतसर अर्ज केला आहे. मसुदा मीच करून दिला.